पाच धंदे, एक गिऱ्हाईक

सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि डंकाच्या खोलीत कुणालाच धड बोलता येत नाहीये. लोखंडी उखळात मुसळं एकापाठोपाठ एक आदळतायत. प्रत्येक घावासरशी लाल धुरळा उडून पत्र्यापर्यंत जातोय. बायकांनी पदर नाकाला लावलेत, मी रुमाल बांधलाय, तरी ठसका लागतोच. बाहेर ओट्यावर लांबलचक रांग आहे, पण तिच्यात माणसं नाहीत. डबे आहेत, पिशव्या आहेत, बुट्ट्या आहेत, एक जुनी पत्र्याची ट्रंकसुद्धा आहे. आपला डबा लावायचा आणि घरी जायचं. नंबर जवळ आला की गिरणीतनं फोन येतो, अशी इथली पद्धत. मी मात्र डब्याशेजारीच बसून आहे. मामींनी निघताना बजावलंय, "समोर बसून कुटून आण. दुसऱ्याची लवंगी आपल्या ब्याडगीत मिसळली तर वर्षभर पोरं जेवायची न्हाईत."

गाव गडहिंग्लज तालुक्यातलं, हिरण्यकेशीच्या अंगाचं. पुढं संकेश्वर, म्हणजे कर्नाटक. गडहिंग्लजच्या बाजार समितीत मिरचीचे सौदे निघतात, त्यामुळं इथल्या बायका मिरचीच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाहीत. मिरची मोडून बघायची, देठापाशी वास घ्यायचा, मग भाव विचारायचा. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, जाळ हवा असेल तर मूठभर लवंगी. मामींच्या पिशवीत तिन्ही आहेत. शिवाय भाजलेलं खोबरं, तीळ, धणे-जिरे, खडा मसाला, सोललेला लसूण आणि धुऊन सावलीत सुकवलेली कोथिंबीर वेगवेगळ्या पुड्यांत बांधलीय. मृगाच्या आत वर्षाची चटणी बरणीत गेली पाहिजे. अख्ख्या पंचक्रोशीला ती याच तीन-चार आठवड्यांत कुटून हवी असते.

डंकापाशी उभ्या आहेत त्या वहिनी. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. लहानथोर सगळ्यांच्याच त्या गिरणीवाल्या वहिनी. पदर कमरेला खोचलेला, भुवयांवर लाल पूड. हातातल्या लाकडी पळीनं त्या उखळातली मिरची उलथतायत. मुसळ वर जाऊन परत खाली येईपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात पळी आत जाते आणि बाहेर येते. त्यांची नजर उखळाकडं नाहीच, दाराकडं आहे. मोबाइल दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून वर रबर लावलंय, म्हणजे आत पूड जायला नको. फोन वाजतो तसा त्या पिशवीवरनंच अंगठा सरकवतात.

"खुर्च्या दोनशे, ताटं तीनशे. मोजून घ्या आणि मोजून द्या. मागल्या खेपी चार पळ्या कमी आल्यात."

चटणीच्या ठसक्यात पळ्यांचा हिशेब कुठून आला, हे नव्या माणसाला कळायचं नाही. कळायला हे घर जरा फिरून बघावं लागतं. मधल्या खोलीत पिठाची गिरणी. डावीकडं डंक. उजवीकडच्या खोलीत झेरॉक्सचं मशिन आणि दाखल्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम. तिथं थोरली पोरगी बसते. मागं पत्र्याचं गोडाऊन आहे. त्यात मंडपाचे पाइप, कनाती, झालरी, ताडपत्र्या आणि लग्नाची भांडी. त्याच्याही मागं गोठा, दोन म्हशी आणि एक रेडी. आणि गिरणीच्या फळीवर चटणीची अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं, पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांसाठी. गोठा सोडला तर या सगळ्याची वीज एकाच मीटरवर आहे. गिरणीची आणि डंकाची मोटार एकदम लावली की फ्यूज जातो. म्हणून डंक चालू तेव्हा गिरणी बंद आणि गिरणी चालू तेव्हा डंक. दिवसभर वहिनी हेच ठरवत असतात, आता कुणाला थांबवायचं.

"दळाण पाच डबं झालं," आतनं आत्ती ओरडतात. वहिनींच्या सासूबाई. सत्तरीच्या पुढं गेल्यात. गिरणीचं वजन-माप त्यांच्याकडं. डबा काट्यावर ठेवून झाकणावर खडूनं किलो आणि जाड की बारीक ते लिहायचं, एवढंच काम, पण ते त्या कुणाला करू देत नाहीत. दळणाचा क्रमही त्याच लावतात. आधी ज्वारी, मग गहू, हरभऱ्याची डाळ सगळ्यांत शेवटी. नाहीतर पुढच्याच्या चपातीला बेसनाचा वास.

"हे उखळ झालं की लावतो," वहिनी म्हणतात.

गिरणी सासऱ्यांची, डिझेल इंजिनाच्या काळातली. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा एवढंच होतं. मग दळण घेऊन येणाऱ्या बायका म्हणायला लागल्या की चटणीला गडहिंग्लजला जावं लागतंय, दिवस मोडतोय; म्हणून कर्ज काढून डंक आणला. मुद्रा योजना 2015 साली सुरू झालेली, तिच्यातला 'किशोर' गट, म्हणजे 50 हजारांच्या वरचा आणि 5 लाखांच्या आतला. चटणीला आलेल्या बायकांनी विचारलं, पोरीचं लग्न ठरलंय, भांडी कुठनं आणू? मालकांनी एका मंडपवाल्याचा जुना माल विकत घेतला. लग्न झालेल्या घरातली पोरं म्हणाली, फॉर्म भरायला तालुक्याला जावं लागतं. पोरगी बी. कॉम. होऊन घरी होती, तिला संगणक घेऊन दिला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या बाईला धंद्याची हाव आहे. इथं ओट्यावर बसून बघितलं की वेगळंच दिसतं. वहिनींनी नवं गिऱ्हाईक शोधलेलंच नाही. जे घर रोज दळण घेऊन येतं, तेच वर्षातनं एकदा चटणी आणतं, दहा-बारा वर्षांतनं एकदा मंडप घालतं आणि दर जूनला दाखला काढतं.

*

अकराच्या सुमाराला झेरॉक्सच्या खोलीत गर्दी वाढलीय. बारावीचा निकाल लागलाय. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर, सगळ्यांना सगळं आजच पाहिजे. पडद्यावर एक चक्र फिरतंय. पोरगी हाताची घडी घालून त्याच्याकडं बघत बसलीय.

"सर्व्हर स्लो आहे काका. बसा."

काका बसत नाहीत. लोकसेवा हक्काचा कायदा 2015 साली झाला, दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे ते ठरून गेलं, पण त्या आधीचं चक्र किती वेळ फिरावं याचा कायदा नाही. काका दारातच घुटमळतात. त्यांची एक नजर डंकाच्या खोलीकडं लागलीय.

आणि वहिनी नेमक्या बाहेर येतात. "काय म्हणतोय पोरगा? किती पडलं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"झकास की! पेढं कुठायत?" म्हणत वहिनी सरळ गिरणीत शिरतात, पट्टा चढवतात आणि खटका दाबतात. डंक थांबलाय. दगड फिरायला लागतो, दळणाचा कोमट वास सुटतो. काका हायसं वाटून खुर्चीवर टेकतात.

मी आत जाऊन डबा धरायला मदत करतो. पीठ कापडी बाहीतनं डब्यात उतरतंय. वहिनी चिमूट घेऊन अंगठ्यावर घासून बघतात. जरा जाड लागतंय. दगडाला टाकी लावायची झालीय, पण टाकी लावायची म्हणजे अर्धा दिवस गिरणी बंद, आणि मे महिन्यात अर्धा दिवस आणायचा कुठनं? त्या दगड थोडा आवळतात.

"त्या काकांना काय झालं?" मी विचारतो.

वहिनी दाराकडं बघून आवाज खाली आणतात. "गेल्या सालच्या लग्नाचं भांड्याचं भाडं ऱ्हायलंय त्यांचं. थोरलीचं लग्न झालं बघा. त्यामुळं लाजत्यात."

"मग मागायचं."

"मागितलं तर देतील बी. पण उद्यापास्नं दळाण खालच्या गिरणीत जाईल. दळाण गेलं की चटणी गेली. चटणी गेली की धाकटीच्या लग्नाचा मंडप गेला." त्या बाही झटकतात. "एका धंद्यात भांडलं की पाची धंद्यातलं घर जातंय. म्हणून कुणाशी भांडता येत न्हाई मला. नवऱ्याशी तेवढं भांडतो."

एका नावावर पाच धंदे असले की असं होतं. सरकारी कागदही तेच सांगतो. झेरॉक्सच्या खोलीत भिंतीवर उद्यम नोंदणीचा कागद फ्रेम करून लावलाय. 1 जुलै 2020 पासून ही नोंदणी सुरू झाली, आणि तिचा नियम असा की एका उद्योगाला एकच नोंदणी. कामं मात्र तिच्यात हवी तेवढी जोडा. त्या कागदावर दळणही आहे, कांडपही आहे, मंडपाचं भाडंही आहे. नाव एक, पत एक. पीठ जाड निघालं तर बोलणारी बाई पिठापुरतं बोलत नाही. "त्यांचं सगळंच हल्ली असं व्हायलंय," म्हणते.

फायदाही याच कागदावर आहे. 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि लग्नं थांबली. मंडपाचा माल गोडाऊनात पडून राहिला, उंदरांनी झालरी कुरतडल्या. मंडपासाठी पतसंस्थेतनं काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. "तवा गिरणीनं मंडपाचा हप्ता भरला," वहिनी सांगतात. "पीठ कुणाचं थांबतंय?" पावसाळ्यात उलटं. जून ते सप्टेंबर डंकावर कुत्रं फिरकत नाही, लग्नं नसतात, दळणही दमट हवेत लोक थोडं-थोडंच आणतात. तेव्हा म्हशी घर चालवतात. दूध गावच्या संस्थेतनं गोकुळला जातं. 1963 साली उभा राहिलेला हा जिल्ह्याचा संघ. दर दहा दिवसांनी बिल निघतं. पाच धंद्यांत ठरलेल्या दिवशी पैसे देणारा तेवढाच एक. वहिनी लाइट बिलाची तारीख बघून दुधाच्या बिलाकडं बोट दाखवतात.

*

जेवायला कुणी एकत्र बसत नाही. आत्ती साडेबाराला जेवतात, पोरगी फॉर्म भरता-भरता भाकरीची चवड मोडते, वहिनी अडीचला उभ्या-उभ्या ताक पितात. मालकांचा सकाळपासनं पत्ता नाही. वरच्या आळीत लग्न आहे, गोरज मुहूर्त आहे. पहाटेपासनं ते आणि रोजावर घेतलेली दोन पोरं मंडप बांधतायत. त्या दोघांचा रोज आजच्यापुरता. बाकी या घरात पगारी माणूस एकही नाही.

याबाबतीत वहिनी वेगळ्या नाहीत. देशाच्या सहाव्या आर्थिक गणनेत, 2013-14 साली, सुमारे 5 कोटी 85 लाख आस्थापना मोजल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे 72 टक्क्यांत कायमचा असा एकही पगारी माणूस नव्हता. सासू, सून, लेक, नवरा यांच्यावरच दुकान. त्यांचा पगार कुठल्या वहीत चढत नाही, म्हणूनच धंदा फायद्यात दिसतो. आत्तींनी खडू खाली ठेवला तर वजनाला माणूस ठेवावा लागेल, आणि माणूस ठेवला तर गिरणी परवडायची नाही.

पोरगी झेरॉक्सचा कागद भरता-भरता मला हळूच सांगते, "मी एमबीएची सीईटी दिलीय. निकाल यायचाय. कोल्हापूरला विद्यापीठात मिळालं तर जाणार."

"आईला माहितीय?"

"माहितीय. बोलत नाही अजून."

आत्तींचे कान तिखट. गिरणीतनंच म्हणतात, "आई पाच धंदं चालवतीया आणि लेक एक चालवायचं शिकाय निघालीया!"

पोरगी हसते. हसताना तिचं लक्ष पडद्यावर आहे. काकांच्या पोराचा फॉर्म शेवटी गेला एकदाचा. पावती छापून निघते. काका पावतीचे पैसे टेबलावर ठेवतात, बरोबर मोजून, आणि दुसरं काही न बोलता निघतात.

*

चार वाजता माझा नंबर लागतो. वहिनी आधी खडं मीठ घालून उखळ साफ करतात. आधीच्या घराची चटणी माझ्यात यायला नको. मग मिरची. पहिला हात कुटून झाला की चाळायचं, वरचा चाळ परत उखळात. मिरची पुरती बारीक झाल्यावर खोबरं-तीळ-मसाला, आणि सगळ्यात शेवटी लसूण-कोथिंबीर, कारण तिचा ओलावा लागला की पूड मुसळाला धरते. रंग चढत चाललाय. मामी खूश होतील.

मिरचीचा दुसरा हात चालू आहे आणि दारातला उजेड एकाएकी जातो. वाऱ्याचा एक भपकारा येतो, धुळीचा, पाठोपाठ ओल्या मातीचा. पत्रा थडथडतो. "वळीव आला!" कुणीतरी ओरडतं. दुसऱ्या क्षणी लाइट जाते. मुसळं जिथल्या तिथं अडकतात, दोन वर, दोन खाली. माझी चटणी अर्धी उखळात.

पुढच्या काही मिनिटांत पाची धंदे एकदम हाका मारायला लागतात. वर स्लॅबवर पाच घरांच्या मिरच्या वाळत घातल्यात, वहिनींच्या भरवशावर. गोठ्यात रेडी ओरडतेय. झेरॉक्सच्या खोलीत इन्व्हर्टर टीं-टीं करतोय आणि एक फॉर्म पैसे भरायच्या पानावर अडकलाय. पिशवीतला मोबाइल थरथरतोय. मालक आहेत.

"झालर फाटली! पाइप हलायला लागल्यात! ताडपत्र्या पाठव, लगोलग!"

वहिनी क्षणभर जिथल्या तिथं उभ्या राहतात. माणसं घरात तीन, त्यातली एक सत्तरीची. मी त्यांच्या तोंडाकडं बघतोय. त्या कुणालाच काही सांगत नाहीत, सरळ गोडाऊनाकडं धावतात. आणि ओट्यावरच्या बायका आपणहून उठतात. डबे लावून घरी न गेलेल्या सात-आठ जणी. त्यातल्या दोघी जिना चढतात. साडीच्या ओच्यात, पोत्यात, सुपात, हाताला येईल त्यात मिरच्या भरतात. कुणाची मिरची कुठली, हे त्यांना न विचारता कळतं. एकीच्या मिरचीला देठ आहे, दुसरीनं खुडून घातलीय. मी पोत्याची तोंडं धरतो. पहिला टपोरा थेंब मानेवर पडतो, मग गारांसारखा मारा सुरू होतो.

खाली आलो तर सकाळचे काका आलेत. मोटारसायकल दारातच चालू ठेवलीय. "द्या हिकडं," म्हणून ताडपत्रीचं एक ओझं टाकीवर आडवं घेतात, दुसरं मागं बसलेल्या पोराच्या मांडीवर. तोच, अठ्ठ्याहत्तरवाला. पावसात दोघं वरच्या आळीकडं जातात. वहिनी बघतायत, पण "बरं झालं" एवढंसुद्धा म्हणत नाहीत. ओल्या पदरानं त्या आधी मोटारीवर पोतं झाकतात, मग मिरचीच्या पोत्यांवर.

अर्ध्या तासात वळीव येतो तसा जातो. मंडप काही उभा राहत नाही. दोन झालरी गेल्या, एक कनात शेजारच्या उसात जाऊन पडली, चिखलात खुर्च्या रुतल्या. पण गोरज मुहूर्त चुकवून चालणार नाही. अक्षता मराठी शाळेच्या व्हरांड्यात पडतात. खुर्च्या धुऊन शाळेत नेल्या जातात, भांडी तिथंच, पंगतीही तिथंच. कुणीतरी पाहुणा म्हणतो म्हणे, मंडप नीट बांधला असता तर उडाला नसता. मालक हे घरी आल्यावर सांगतात. अंगावर चिखल, आवाज बसलेला.

"इकून टाकू हा मंडप. लोकांची बोलणी खायाला धंदा करायचा काय?"

"आज बोलू नका," वहिनी म्हणतात. "हातपाय धुवा. म्हशी ऱ्हायल्यात."

"तुला दर बारीला म्हशी ऱ्हायलेल्याच असत्यात."

"मग तुमी काढता काय दूध?"

मालक गप्प बसतात. सकाळी वहिनी जे भांडण म्हणाल्या होत्या ते बहुतेक हेच असावं. कारण ते तिथंच संपतं आणि मालक बादली घेऊन गोठ्याकडं वळतात.

*

सातला दूध संस्थेत घालून पोरगी परत येते. हातातल्या चिठ्ठीवर फॅट बघून वहिनी नाक मुरडतात. वळवाला म्हैस बुजली की दूध चोरते. मेणबत्तीच्या उजेडात पिग्मीवाला येतो. खांद्याला चामडी पिशवी, हातात मशिन. रोज घरी येऊन थोडी-थोडी ठेव गोळा करायची ही रीत पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं 1928 साली घातली, रोज दोन आण्यांपासनं. ती बँक आता कॅनरा बँकेत विलीन झालीय, पण पिग्मीवाला अजून पतसंस्थांकडनं दारोदार फिरतोय.

वहिनी गल्ला उघडतात. लाकडी खण, त्यात सगळ्या धंद्यांचे पैसे एकत्र. पीठ लागलेल्या दहाच्या नोटा, तिखटानं लाल झालेल्या पन्नासाच्या, काही नाणी. फोनवर आलेले पैसे पोरगी वाचून दाखवते. मग वहिनी नोटांच्या चार चळती लावतात.

"गिरणीची. डंकाची. मंडपाची. ही थोरलीची."

पिग्मीवाला चार पावत्या काढतो. मंडपाची चळत सगळ्यात पातळ आहे. वहिनी तिच्याकडं बघतात, गिरणीच्या चळतीतली एक नोट उचलतात आणि मंडपावर ठेवतात. मालकांनी हे बघितलंय, पण ते काही बोलत नाहीत. कुठला धंदा तोट्यात आणि कुठला फायद्यात, हे या घरात कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. ते इथं, या नोटा इकडच्या तिकडं सरकवण्यात ठरतं.

"वहिनी, एखादा बंद करावासा वाटत नाही?" मी विचारतो.

"कुठला करू?" त्या पावत्या रबरात घालतात. "तुमी शिकलेली माणसं, सांगा. गिरणी बंद केली तर रोजचा माणूस येयाचा थांबंल. डंकाला कर्ज हाय. म्हशी विकल्या तर पावसाळ्यात खायाचं काय? मंडप हे इकतो म्हणत्यात, दर वळवाला म्हणत्यात." थोडं थांबून त्या झेरॉक्सच्या खोलीकडं मान वळवतात. "आता हे तेवढं जुलैनंतर बंद हुईल. दाखल्यांचा सीझन झाला की."

पोरगी चिठ्ठीवरनं मान वर करते.

"बघतीस काय?" वहिनी तिला म्हणतात. "निकाल लागला की फॉर्म भर. गावाचं भरत्यास, तुझा बी भर."

आत्ती अंधारातनं विचारतात, "मग हितं कोण बसायचं?"

"कोण न्हाई. कुलूप."

या घरात आजवर धंदे वाढतच गेले. बंद झालेला हा पहिला. वहिनींनी तो निवडला तो तोट्यात आहे म्हणून नाही. उलट जून-जुलैत त्याच्याइतका रोख पैसा दुसरा कुणी देत नाही. पण पाचांत हा एकच असा आहे, ज्याच्यात घरातल्या कुणाचं तरी पुढचं आयुष्य अडकून पडलंय. बाकीच्यांत त्यांचं स्वतःचं अडकलंय, ते त्या मोजत नाहीत.

पावणेदहाला ट्यूब लुकलुकते. "थ्री फेज आली!" मालक गिरणीतनं ओरडतात. ज्यांचे डबे रांगेत आहेत त्या बायका अंधारातनं परत येतात, हातात टॉर्च, कडेवर झोपलेली पोरं. डंक सुरू होतो. माझी अर्धी राहिलेली चटणी परत लाल होऊन उडायला लागते. आता लसूण, मग कोथिंबीर. वहिनी बोटानं चाटून बघतात, मान हलवतात आणि डबा काट्यावर ठेवतात.

दाखल्याची खोली बंद होणार ही बातमी रांगेत माझ्या डब्याच्या आधी पोचलीय. माझ्यामागं नंबर आहे तो सकाळच्या काकांच्या मंडळींचा. त्या पुढं येतात, मुसळांच्या वरनं आवाज चढवून म्हणतात, "मग काय वो वहिनी, दाखल्याला आता गडहिंग्लजला जायाचं आमी? मग दळाण बी तिकडनंच आणतो की एका खेपंत."

दोघीचौघी हसतात. वहिनी पळी थांबवत नाहीत.

"आणा की. जाताना लग्नाच्या भांड्याचं भाडं तेवढं ठेवून जावा."

हशा पिकतो. काकांच्या मंडळी सगळ्यात मोठ्यानं हसतात आणि पदर नाकाला लावून म्हणतात, "उसाचं बिल निघू द्या वो, पयलं तुमचंच. आता माझं उखळ मिठानं नीट पुसून घ्या, ह्यांची लई तिखट दिसतीया."